आधी सुरी, मग समज : प्रजनन ग्रंथींचा इतिहास
(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटच्या प्रश्नोत्तरांपैकी दोन घेतली आहेत.)



शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. खोंड बडवला की त्याचा बैल होतो. पूर्वी ठेचून करायचे, आता जनावरांच्या दवाखान्यात चिमटा लावतात. पण परिणाम तोच. अंगावर येणारं, माजावर आलेलं जनावर वर्षभरात मान खाली घालून औताला चालायला लागतं. वळूची मान आणि वशिंड जसं भरतं तसं बैलाचं भरत नाही. बोकडाचंही तेच. खच्ची केलेल्या बोकडाच्या अंगावर चरबी धरते आणि त्याचा तो उग्र वास जातो. ही माहिती किती जुनी असेल? शेतीइतकीच जुनी असावी, असं मला वाटतं. ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात कोंबडे खच्ची केल्यावर काय होतं ते नोंदवलेलं आहे, आणि डुकरिणींचे अंडाशय काढण्याची पद्धतही आहे. म्हणजे तेवीसशे वर्षांपूर्वी.

माणसांवरही हे झालं. चीनपासून तुर्कस्तानपर्यंत राजवाड्यांत खोजे असत. आपल्याकडे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर हा खच्ची केलेला गुलाम होता, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचलेलं असतं. इटलीत तर गाण्यासाठी लहान मुलांना खच्ची करत. आवाज फुटू नये म्हणून. त्या परंपरेतला शेवटचा गायक अलेस्सांद्रो मोरेस्की, त्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण १९०२ आणि १९०४ मध्ये झालं आणि ते आजही ऐकायला मिळतं. ऐकून बघा. फार आनंद होणार नाही, पण विसरणारही नाही.

तर काय काढल्यावर काय होतं, हे माणसाला हजारो वर्षं माहीत होतं. ते का होतं, हे मात्र अगदी परवापरवापर्यंत माहीत नव्हतं. मधल्या काळात सुरी थांबली नाही. आज मला सांगायचं आहे ते या मधल्या काळाबद्दल, कारण त्याची किंमत कुणीतरी दिलेली आहे, आणि आपल्या राज्यात अजूनही कुणीतरी देतंय.

आधी नावांचा गोंधळ बघू. पुरुषाची ग्रंथी बाहेर असते, दिसते, हाताला लागते. वृषण शरीराबाहेर आहेत ते उगीच नाही. शुक्राणू तयार व्हायला शरीराच्या आतल्यापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. स्त्रीची ग्रंथी ओटीपोटात, बदामाएवढी, गर्भाशयाच्या दोन बाजूंना. दिसत नाही, म्हणून तिला स्वतःचं नावसुद्धा मिळालं नाही. अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलसने ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास तिचं वर्णन केलं, ते पुरुषाच्या वृषणांच्या धर्तीवर. मग गेलनने तीच री ओढली, आणि पुढे जवळजवळ दीड हजार वर्षं युरोपातले वैद्य अंडाशयाला ‘स्त्रीचे वृषण’ म्हणत राहिले. म्हणजे पुरुषाची ती खरी, आणि बाईची ती त्याची आत राहिलेली, जरा कमअस्सल नक्कल.

१६६७ मध्ये स्टेनो नावाच्या डॅनिश माणसाने सुचवलं की हे वृषण नव्हेत, पक्ष्यांना असतं तसं हे अंड्यांचं घर आहे. पाच वर्षांनी डेल्फ्ट गावच्या रेनिए द ग्राफने त्यावर उत्तम पुस्तक लिहिलं. अंडाशयावरचे फोड त्याने इतके नीट दाखवले की आजही त्यांना त्याचं नाव आहे. पण तो त्या फोडांनाच अंडं समजत होता. बिचारा बत्तिसाव्या वर्षी गेला. जाण्याआधी त्याने एक काम केलं. आपल्या गावात एक कापडाचा व्यापारी फार चांगली भिंगं बनवतो, असं पत्र त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलं. तो व्यापारी म्हणजे लेवेनहूक. त्या लेवेनहूकने १६७७ मध्ये शुक्राणू पाहिले. आणि बाईचं बीज? सस्तन प्राण्याचं बीज प्रत्यक्ष दिसायला त्यानंतर दीडशे वर्षं जावी लागली. १८२७ मध्ये कार्ल फॉन बेअरने ते कुत्रीत पाहिलं. ती कुत्री त्याच्या सहकाऱ्याच्या घरची पाळलेली होती. विज्ञानासाठी तिला मारलं. दीडशे वर्षांचं हे अंतर लक्षात ठेवा, ते पुढेही दिसणार आहे.

या ग्रंथींची कामं दोन. एक बीज तयार करणं. वृषणात हा कारखाना वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत चालू असतो, रोज कोट्यवधी शुक्राणू. अंडाशयाचं गणित उलटं आहे. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मते तेव्हा दहा-वीस लाख उरतात. वयात येते तेव्हा तीन-चार लाख. आणि आयुष्यभरात त्यातली फार तर चारशे-साडेचारशे पक्व होऊन बाहेर पडतात. म्हणजे तिथे कारखाना नाही, कोठार आहे, आणि ते जन्माआधीपासूनच रिकामं व्हायला लागलेलं असतं.

दुसरं काम म्हणजे रक्तात काहीतरी सोडणं. खोंडाचा बैल होतो तो या दुसऱ्या कामामुळे. पण हे ‘काहीतरी’ आहे, हे सिद्ध कसं करायचं? काढून टाकल्यावर बदल होतो, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. वायर कापल्यावर दिवा विझतो, म्हणून वायर प्रकाश देते असं नाही ना. कदाचित ग्रंथीतून निघालेल्या मज्जातंतूंचा संदेश बंद होत असेल. एकोणिसाव्या शतकात बहुतेक वैद्यांचं मत असंच होतं.

आता आपण गटिंगेनला जाऊ. जर्मनीतलं विद्यापीठाचं गाव. १८४८ चा ऑगस्ट. युरोपभर त्या वर्षी क्रांत्या चालू होत्या, आणि आर्नोल्ड आडोल्फ बर्थोल्ड नावाचा प्राध्यापक सहा कोंबडे घेऊन बसला होता. दोन-तीन महिन्यांचे, अजून न आरवणारे. कोंबड्याचे वृषण पोटात असतात, पाठीच्या बाजूला, म्हणजे पोट उघडायलाच हवं. काही कोंबड्यांचे दोन्ही वृषण त्याने काढले आणि तसंच शिवून टाकलं. बाकीच्यांचे काढले, पण एक वृषण परत पोटात टाकला. कुठे त्याचाच स्वतःचा, तर कुठे दुसऱ्या कोंबड्याचा. परत टाकला म्हणजे होता त्या जागी नाही. नुसता आतड्यांमध्ये सोडून दिला.

काही महिन्यांनी काय दिसलं? पहिल्या कोंबड्यांचे तुरे फिके, लहान. ते आरवेनात, भांडेनात, कोंबड्यांच्या मागे लागेनात. दुसऱ्या गटातले मात्र पुरते कोंबडे. लाल तुरा, आरवणं, मारामाऱ्या, सगळं. मग त्याने त्यांचं पोट उघडून पाहिलं. तो सुटा टाकलेला वृषण आतड्याला चिकटला होता, त्यात नव्या रक्तवाहिन्या आल्या होत्या. जुने मज्जातंतू मात्र जोडले गेलेले नव्हते.

बघा, किती साधं आहे. मज्जातंतू तुटले तरी कोंबडा कोंबडाच राहिला. म्हणजे संदेश तारेवरून जात नव्हता. बर्थोल्डने लिहिलं की वृषण रक्तावर परिणाम करतात, आणि ते रक्त सगळ्या शरीरावर. १८४९ मध्ये त्याने हा निबंध छापला. लांबी सगळी मिळून चार पानं! माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासातली ही सगळ्यात दाट चार पानं आहेत. आणि त्यांचं काय झालं? काहीही नाही. त्यानंतर साठेक वर्षं त्यांची कुणी फारशी आठवणही काढली नाही. बर्थोल्ड स्वतः दुसऱ्या कामांना लागला आणि १८६१ मध्ये वारला.

कुणी म्हणेल, चार पानं वाचली गेली नाहीत, त्यात एवढं काय? कोंबड्यांचं तर होतं. त्याचं काय झालं, ते आता सांगतो.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यात रोम नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे रॉबर्ट बॅटी नावाचा सर्जन होता. १८७२ च्या ऑगस्टमध्ये त्याने तीस वर्षांच्या एका बाईचे दोन्ही अंडाशय काढले. अंडाशयाच्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया तेव्हा होत होती, तिने अनेकींचे प्राणही वाचले. पण या बाईला गाठ नव्हती. तिला पाळीच्या वेळी भयंकर त्रास होई, झटके येत. बॅटीचं म्हणणं असं की अंडाशय मज्जातंतूंना चेतवतात आणि त्यातून हा सगळा त्रास होतो. अंडाशय काढा, पाळी बंद होईल, बाई बरी होईल. शस्त्रक्रिया चालू असताना बाहेर लोक जमले होते, बाई मेली तर डॉक्टरला सोडायचं नाही म्हणून, असं सांगतात. बाई वाचली. मग काय, बॅटीचं नाव झालं. त्याच वर्षी जर्मनीत हेगर आणि इंग्लंडमध्ये लॉसन टेट यांनीही अशाच शस्त्रक्रिया केल्या. तिघांनी वेगवेगळ्या.

पुढची वीस-पंचवीस वर्षं ही शस्त्रक्रिया फॅशनसारखी पसरली. कशाकशासाठी? पाळीच्या दुखण्यासाठी, अपस्मारासाठी, ‘हिस्टेरिया’साठी, वेडासाठी. बाई चिडते, रडते, नवऱ्याचं ऐकत नाही, यासाठीसुद्धा. काढलेले अंडाशय पुष्कळदा पूर्ण निरोगी असत. बॅटी स्वतः याला ‘नॉर्मल’ अंडाशयाचीच शस्त्रक्रिया म्हणत असे, लपवण्यासारखं त्याला त्यात काही वाटत नव्हतं.

आणि काय होणार आहे ते कळायला मार्ग नव्हता का? होता. एक बर्थोल्डचा. दुसरा त्याहून जुना, लंडनच्या पर्सिव्हल पॉटचा. त्याच्याकडे तेवीस वर्षांची एक मोलकरीण आली होती, दोन्ही जांघांत दुखऱ्या गाठी घेऊन. ते तिचे अंडाशय होते, हर्नियातून खाली उतरलेले. काम करता येईना म्हणून पॉटने ते काढले. नंतर त्याने जे पाहिलं ते १७७५ मध्ये लिहून ठेवलं. मुलगी सडपातळ झाली, अंग पिळदार दिसू लागलं, भरलेली छाती गेली आणि पाळी पुन्हा आली नाही. बॅटीच्या आधी सत्त्याण्णव वर्षं. म्हणजे अंडाशय हे फक्त बीजाचं कोठार नाही, साऱ्या शरीराशी त्याचा संबंध आहे, हे छापलेलं होतं. पण मज्जातंतूंच्या सिद्धांतात ते बसत नव्हतं. बर्थोल्डचे कोंबडे लोकांनी मनावर घेतले असते तर निदान एक प्रश्न विचारला गेला असता की, हा अवयव रक्तात काय सोडतो आणि ते बंद झाल्यावर या बाईचं पुढच्या तीस वर्षांत काय होईल? तो विचारला गेला नाही.

विरोध झाला नाही असं नाही. इंग्लंडचा स्पेन्सर वेल्स, अंडाशयाच्या गाठी काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याने या प्रकाराची जाहीर टर उडवली. त्याचा मुद्दा असा की उद्या बायका सर्जन झाल्या आणि पुरुषांच्या प्रत्येक दुखण्याला त्यांनी पुरुषांचे अवयव कापायला सुरुवात केली, तर आपण काय म्हणू?

आता गंमत बघा. गंमत म्हणायची का, मला माहीत नाही. हे सगळं चालू असताना, १ जून १८८९ ला पॅरिसमध्ये शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार नावाचा मोठा शास्त्रज्ञ उभा राहिला. वय बहात्तर. मॉरिशसमध्ये जन्मलेला, बाप अमेरिकन, आई फ्रेंच. मज्जारज्जूवरचं त्याचं काम आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकावं लागतं. तर हे गृहस्थ म्हणाले की कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क मी स्वतःला टोचून घेतला आहे आणि मी तरुण झालो आहे. जिने चढतो, रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत उभा राहतो, पोट साफ होतं. लघवीची धार किती लांब जाते हेसुद्धा त्याने मोजलं होतं. ती म्हणे चौथ्या हिश्श्याने वाढली होती.

जगभर खळबळ उडाली. काही महिन्यांत हजारो डॉक्टर तो अर्क टोचत होते. आता आपल्याला माहीत आहे की त्यात काही नव्हतं. वृषणातलं द्रव्य पाण्यात जवळपास विरघळतच नाही आणि वृषणात ते साठूनही राहत नाही, तयार झालं की रक्तात जातं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००२ मध्ये ब्राऊन-सेकारच्याच पद्धतीने अर्क बनवून मोजलं. कसलाही परिणाम व्हावा इतकं द्रव्य त्यात निघालं नाही. म्हातारा तरुण झाला तो नुसत्या विश्वासाने, आणि तोही महिनाभर.

पण मला जे दाखवायचं आहे ते वेगळंच. तेच दशक, तेच देश, बऱ्याचदा तेच वैद्यकीय अंक. एका पानावर पुरुषाची ग्रंथी, तिच्यात जीवनशक्ती, तिचा थेंब थेंब मोलाचा, म्हातारपणी तो परत मिळवा. दुसऱ्या पानावर स्त्रीची ग्रंथी, तिच्यात रोग, ती काढून टाका. शास्त्र दोन्हीकडे सारखंच कच्चं होतं. पण एकीकडे त्या कच्चेपणातून आशा निघाली आणि दुसरीकडे सुरी.

ब्राऊन-सेकार चुकला, पण त्याच्या चुकीने एक काम झालं. ‘ग्रंथी रक्तात काही सोडते’ ही कल्पना चर्चेत आली. व्हिएन्नात एमिल क्नाउअरने १८९६ च्या सुमारास सशिणींचे अंडाशय काढून दुसऱ्या ठिकाणी रोवले. तशा सशिणींचं गर्भाशय आक्रसलं नाही, ज्यांचे नुसते काढले होते त्यांचं आक्रसलं. म्हणजे बर्थोल्डचाच प्रयोग, फक्त मादीवर आणि जवळपास पन्नास वर्षांनी. पुन्हा तेच अंतर. त्याच वर्षी ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनने लिहिलं की स्तनाचा कॅन्सर फार पसरलेल्या बाईचे अंडाशय काढल्यावर गाठी विरघळल्या. त्याला ही कल्पना सुचली कशी, तर दुभत्या गाईचे अंडाशय काढले की ती जास्त काळ दूध देते, असं काही ठिकाणचे शेतकरी सांगत, त्यावरून. इथे सुरीमागे निदान एक विचार होता. अंडाशय नसताना स्तनात काय बदलतं, असा प्रश्न त्याने आधी विचारला होता. आजही स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये अंडाशयाचं काम थांबवतात, बहुतेक वेळा औषधाने.

१९०५ मध्ये लंडनला स्टार्लिंगने या रक्तातून जाणाऱ्या निरोप्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव वापरलं. ग्रीक शब्द, अर्थ साधारण ‘चेतवणारा’. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो, आणि तो शब्द मला मूळ शब्दाइतकाच चांगला वाटतो.

मग सुरू झाली ती द्रव्यं हाताशी येण्याची शर्यत, आणि ती चालली कत्तलखान्यांत आणि मुतारीत. ॲलन आणि डॉइझी यांनी १९२३ मध्ये सेंट लुईसला डुकरिणींच्या अंडाशयांतल्या पाण्याने सुरुवात केली. मग बर्लिनच्या झोंडेक आणि आशहाइम यांना कळलं की गरोदर बाईच्या लघवीत संप्रेरकांचा खजिना असतो. १९२९ मध्ये डॉइझीने अमेरिकेत आणि बुटेनांटने जर्मनीत, स्वतंत्रपणे, स्त्री-संप्रेरकाचे स्फटिक मिळवले. बुटेनांट कुठे काम करत होता? गटिंगेनला. बर्थोल्डच्या गावी, बरोबर ऐंशी वर्षांनी. १९३१ मध्ये त्याने पुरुष-संप्रेरक शोधायला बर्लिनच्या पोलिसांची लघवी गोळा करवली, पंधरा हजार लिटर. त्यातून हाती आलं पंधरा मिलिग्रॅम. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅमला बैलांच्या, म्हणजे न बडवलेल्या बैलांच्या, शंभर किलो वृषणांतून दहा मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन निघालं. १९३९ चं नोबेल बुटेनांट आणि रुझिका यांना मिळालं. नाझी सरकारने बुटेनांटला ते घेऊ दिलं नाही.

आता या शर्यतीतला माझा आवडता प्रसंग. झोंडेक ज्यू होता. हिटलर आल्यावर त्याला बर्लिन सोडावं लागलं. १९३४ मध्ये त्याने जाहीर केलं की स्त्री-संप्रेरक भरपूर हवं असेल तर ते खच्ची न केलेल्या घोड्याच्या लघवीत शोधा. घोडीच्या नव्हे, घोड्याच्या. मर्दानगीचं प्रतीक म्हणून ज्याचे पुतळे चौकाचौकांत उभे करतात, त्याच्या! उगम वृषणातच होता. पुरुष-संप्रेरक आणि स्त्री-संप्रेरक अशी नावं तोवर पक्की झाली होती, आणि ती तशीच राहिली. खरं म्हणजे दोन्ही ग्रंथी दोन्ही द्रव्यं बनवतात, प्रमाण वेगळं असतं. अंडाशयातलं इस्ट्रोजेन बनतंच मुळी टेस्टोस्टेरॉनसारख्या द्रव्यापासून. १९९४ मध्ये एका पुरुषाची नोंद झाली. वय अठ्ठावीस, उंची दोनशे चार सेंटिमीटर आणि अजून वाढतोय. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं. पण जन्मजात दोषामुळे त्याच्या शरीराला इस्ट्रोजेनचा निरोपच वाचता येत नव्हता, आणि त्यामुळे हाडांची टोकं बंद झाली नव्हती, हाडं ठिसूळ होती. म्हणजे पुरुषाचं हाड पक्कं होतं ते ‘बायकी’ संप्रेरकाने. ते इटालियन गायक लांब हातापायांचे का असत, त्याचंही उत्तर यातच आहे.

हाडांचं कशासाठी सांगतोय? १९४१ मध्ये बोस्टनच्या फुलर ऑलब्राइटने दाखवलं की पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात ती अंडाशय थांबल्यामुळे. म्हणजे ज्या बाईचे अंडाशय तिशीतच काढले, तिची हाडं पंधरा-वीस वर्षं आधी म्हातारी होतात. हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अनेक वर्षं पाठपुरावा करून २००६ मध्ये दाखवलं की पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि नंतर इस्ट्रोजेन न मिळालेल्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. बॅटीच्या रुग्णांचं पुढे काय झालं, याची नीट मोजदाद कुणी ठेवली नाही. तेव्हा त्या बायका गेल्या कशाने, याला उत्तर नाही.

आता आपल्याकडे येऊ. मराठीत या अवयवांबद्दल उघड लिहिण्याची किंमत काय होती, ते रघुनाथ धोंडो कर्व्यांना विचारावं. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. खटला हरले. कर्व्यांचं भांडण शब्दांचं होतं असं मी म्हणेन. शरीराच्या अवयवाला त्याच्या नावाने हाक मारायची की नाही, हे ते भांडण.

ते अजून मिटलेलं नाही. गावाकडे बाई म्हणते, ‘माझी पिशवी काढली.’ पिशवी म्हणजे गर्भाशय. पण त्या पिशवीबरोबर अंडाशयही काढले का? तिला माहीत नसतं. अंडाशयाला तिच्या बोलीत शब्दच नाही. सगळं मिळून ‘पिशवी’. आणि ज्याला शब्द नाही, ते नेलं की नाही हे विचारणार कसं?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची बातमी तुम्ही वाचली असेल. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल आधीच घेतलेली. पाळीचा त्रास झाला, एक दिवस खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडात संडास नाही, पाणी नाही, संसर्ग होतो, अंगावरून जातं. डॉक्टरकडे गेलं की तो म्हणतो, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा-सात जणींमागे एक. पुष्कळ तिशीतल्या, दोन-तीन मुलं झालेल्या. अंडाशय जागेवर ठेवले तरी गर्भाशय काढल्यावर त्यांचं काम थोडं लवकर थांबू शकतं. आणि तेही काढले असतील तर ती बाई पस्तिसाव्या वर्षी पन्नाशीची होते. अंगातून वाफा, झोप नाही, सांधे आणि कंबर दुखते, आणि पुढच्या हंगामात डोक्यावर मोळी तीच.

बॅटीकडे निदान अज्ञानाची सबब होती. १८७२ मध्ये हॉर्मोन हा शब्दही नव्हता. आता तो शाळेच्या पुस्तकात आहे. जॉर्जियातली ती बाई काय आणि धारूर-वडवणीची ही काय, त्रास खरा होता. त्याचं कारण शोधण्यापेक्षा अवयव काढणं दोन्ही वेळा सोपं आणि स्वस्त पडलं. आणि दोन्ही वेळा कुणासाठी स्वस्त पडलं, ते बघा.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, बोकडाच्या गोळ्या खाल्ल्याने ताकद येते म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

(हसून) हा प्रश्न येणार हे माहीत होतं. जुना आहे हो हा प्रश्न. सुश्रुतसंहितेत वाजीकरणाच्या प्रकरणात बोकडाचे वृषण दुधात शिजवून द्यायला सांगितले आहेत. त्याहून मोठी उडी वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात आहे. गौतमाच्या शापाने इंद्राचे वृषण गळून पडतात, मग देव त्याला मेंढ्याचे बसवतात. म्हणजे रोपणाची कल्पना आपल्याकडे बर्थोल्डच्या पुष्कळ आधी होती, फक्त कल्पना म्हणून. शास्त्राचं विचाराल तर, वृषणात टेस्टोस्टेरॉन साठत नाही, आणि जे थोडंफार पोटात जातं त्यातलं बहुतेक यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. प्रथिनं मिळतात, ती मटणातूनही मिळतात. चव आवडत असेल तर जरूर खा.

प्रश्न (मागच्या रांगेतल्या एक ताई) : माझ्या जावेला पिशवी काढायला सांगितली आहे. वय अडतीस. मग ओव्हरीज ठेवायला सांगायच्या का?

ताई, मी इतिहासाचा माणूस, तिला तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. पण तिने डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. एक, पिशवी काढायची ती नेमकी कशासाठी, आणि औषधाने किंवा दुसऱ्या उपायाने भागणार नाही का? दुसरं, अंडाशयांत काही दोष आहे का? नसेल, आणि घरात स्तनाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरचा इतिहास नसेल, तर या वयात ते शक्यतो ठेवतात. तिसरं, काढणारच असतील तर नंतर हाडांचं आणि हृदयाचं काय, गोळ्या लागतील का? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायलाही संकोच नको. आणि ऑपरेशन झालंच, तर काढलेला भाग तपासणीला पाठवायला सांगा आणि डिस्चार्ज कार्डाबरोबर त्याचा रिपोर्ट मागून घ्या. नुसतं गर्भाशय आलं होतं, की एक अंडाशय, की दोन्ही, ते त्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद घरी जपून ठेवा.